आधी माणसं, मग वेळ, शेवटी ट्रेल: मित्रांसोबतच्या एका दिवसाच्या माउंटन बाइक राइडसाठी वाट कशी निवडायची

बहुतेक गट ट्रेल, म्हणजे सायकल न्यायची डोंगरातली कच्ची वाट, आधी ठरवतात. कुणीतरी व्हिडिओ पाठवतो, बाकीचे 'चला' म्हणतात, तारीख पक्की होते, आणि नक्की कोण कोण येणार हे शेवटच्या दोन दिवसांत कळतं. मग त्या दिवशी दोघं पुढे निघून जातात, एक जण निम्मी वाट सायकल ढकलत चालतो, दुपार टळते आणि उरलेला उतार सगळे घाईत उतरतात. पडापडी होते ती तिथे. अशा दिवसानंतर 'ट्रेल फार अवघड निघाला' असं म्हटलं जातं. ट्रेल जसा होता तसाच होता. निवडीचा क्रम चुकला होता.

क्रम असा हवा: आधी माणसं, मग हातातला वेळ, आणि शेवटी ट्रेल. खालचे टप्पे त्याच क्रमाने लिहिले आहेत. ते मागेपुढे करू नका, कारण एका टप्प्याचं उत्तर पुढच्या टप्प्यात लागतं.

## १. गट नीट ओळखा

'तुला कितपत जमतं?' हा प्रश्न विचारून काही कळत नाही. सगळ्यांचं उत्तर एकच असतं: 'जमेल रे.' त्यातून हा प्रश्न सगळ्यांच्या ग्रुपवर टाकला, तर नाही म्हणायची कुणाची हिंमत होत नाही. प्रत्येकाला वेगळा फोन करा आणि ज्याचं उत्तर आकड्यात किंवा हो-नाहीमध्ये येईल असंच विचारा.

- गेल्या दोन महिन्यांत डांबरी रस्ता सोडून किती वेळा सायकल चालवलीस? एका वेळी जास्तीत जास्त किती तास?
- सुट्या खड्यांच्या उतारावर दोन्ही ब्रेक वापरतोस, की फक्त मागचा?
- वीतभर उंचीच्या दगडी पायरीवरून सायकल खाली नेतोस, की उतरून हातात धरतोस?
- सायकल कोणती आहे? टायर कसले? डिस्क ब्रेक आहेत का?
- किती वाजेपर्यंत घरी पोचायलाच हवं?
- दमा, गुडघा, खांदा, ॲलर्जी, चालू औषधं, असं काही आहे का?

ब्रेकचा प्रश्न सगळ्यांत जास्त सांगून जातो. पुढच्या ब्रेकला घाबरणारा माणूस तीव्र उतारावर मागचं चाक घसरवत उतरतो. त्याच्या सायकलचा थांबण्याचा जोर निम्म्याहून कमी होतो, आणि चाक घासत गेल्याने वाटही खराब होते. असा एक जरी भिडू गटात असला तरी लांब, तीव्र उतार यादीतून काढून टाका.

रस्त्यावर सहज ५० किमी मारणाऱ्या मित्राबद्दल विशेष सावध राहा. त्याचा दम उत्तम असतो, त्यामुळे चढावर तो सगळ्यांत पुढे असतो आणि त्याला सगळं जमेल असं वाटू लागतं. पण दगडधोंड्यांत तोल सांभाळणं, वजन मागे नेणं, मुळांवरून चाक आडवं न जाऊ देणं या गोष्टी रस्त्यावर शिकायला मिळत नाहीत.

फोन झाले की कागदावर दोन नावं लिहा: तंत्रात सगळ्यांत कच्चा कोण, आणि दमात सगळ्यांत कमी कोण. ही बरेचदा दोन वेगळी माणसं निघतात. पहिल्यावरून ट्रेलची अवघडता ठरेल, दुसऱ्यावरून लांबी आणि चढ. गटाची 'सरासरी' काढत बसू नका. सरासरीवर बेतलेला ट्रेल गटातल्या एकाही माणसाला नीट बसत नाही.

नेहमीची चूक: 'तो येईल हळूहळू मागून.' पुढचे थांबतात, दहा मिनिटं विश्रांती घेतात, मागचा धापा टाकत पोचतो, आणि तो दिसताच पुढचे निघतात. ज्याला विश्रांतीची सगळ्यांत जास्त गरज, त्यालाच दिवसभर ती मिळत नाही. दोन तासांनी त्याचे पाय जातात आणि पाठोपाठ लक्षही जातं.

चार ते सहा जणांचा गट सोयीचा. तिघांपेक्षा कमी असाल तर वर्दळ नसलेल्या ट्रेलवर जाऊ नका: एक पडला, तर एकाने त्याच्यापाशी थांबायचं आणि एकाने मदत आणायची, एवढी तरी माणसं हवीत.

## २. हातात किती तास आहेत ते आधी काढा

'पूर्ण दिवस' म्हणजे किती तास, हे कुणी मोजत नाही. सूर्यास्ताची वेळ बघा आणि त्यातून दीड तास वजा करा. दाट झाडीत आणि डोंगराच्या सावलीच्या बाजूला अंधार लवकर उतरतो. आकाशात उजेड असला तरी वाटेवरचे दगड दिसेनासे होतात. ही वजाबाकी करून जी वेळ येते ती ट्रेल संपण्याची वेळ. आता ज्याला घरी सगळ्यांत लवकर पोचायचं आहे त्याच्या वेळेशी ती पडताळा आणि त्यातली आधीची धरा.

सुरुवातीच्या बाजूलाही प्रामाणिक राहा. पोचल्यावर सायकली उतरवणं, चाकं बसवणं, हवा बघणं, कपडे बदलणं यात पाऊण तास सहज जातो.

तपासा: 'पहिलं पेडल' आणि 'शेवटचं पेडल' या दोन वेळा आता लिहिलेल्या आहेत का? नसतील तर ट्रेल शोधायला अजून बसू नका.

## ३. एक ट्रेल निवडू नका, तीन निवडा

आता नकाशे उघडा. ट्रेलफोर्क्स, कोमूट, ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेले नकाशे, जे हाताशी असेल ते. एकाच ट्रेलच्या प्रेमात पडलं की त्याच्या विरोधातली प्रत्येक गोष्ट आपण डोळ्यांआड करतो. तीन उमेदवार समोर असले की तुलना आपोआप होते.

निवडताना सौंदर्याआधी वाटेचा आकार बघा.

एकाच जागेभोवतीची अनेक वर्तुळं: मधल्या एका जागेवरून निघून परत तिथेच येणारे छोटे-मोठे फेरे. मिश्र गटासाठी माझी पहिली पसंती नेहमी हीच. पहिला फेरा सगळे मिळून मारतात. दमलेला थांबतो, तगडे लोक आणखी एक अवघड फेरा मारून येतात, आणि कुणालाही कुणासाठी मन मारावं लागत नाही. गटातल्या सर्वांत तरबेज आणि सर्वांत नवख्या माणसात मोठं अंतर असेल तर दुसरा आकार शोधूच नका.

एक मोठं वर्तुळ: बघायला छान, पण मध्यावर पोचल्यावर पुढे जा नाहीतर मागे या, अंतर तेवढंच. मधून बाहेर पडायला वाट असेल तरच घ्या.

जाऊन परत त्याच वाटेने: लोक याला कमी लेखतात. नवख्या गटासाठी हा सुरक्षित आकार आहे, कारण कुठूनही मागे फिरता येतं आणि परतीची वाट ओळखीची असते. एकच काळजी घ्या. जाताना सगळा उतार असेल तर येताना सगळा चढ दमलेल्या पायांनी चढायचा असतो. अशा ठिकाणी दम एक तृतीयांश संपला की फिरा.

वर गाडीने, खाली सायकलने: चढ नाही म्हणून हे सोपं वाटतं, पण नवख्यांसाठी उलट आहे. लागोपाठ उतार, तापलेले ब्रेक, आखडलेली बोटं. ज्याचं उतरण्याचं तंत्र कच्चं आहे त्याला इथे सगळा दिवस त्याच कच्च्या बाजूवर काढावा लागतो.

सावधान: स्ट्राव्हा ॲपच्या हीटमॅपवर, म्हणजे लोकांच्या नोंदवलेल्या फेऱ्या एकत्र दाखवणाऱ्या नकाशावर, रेघ ठळक दिसली म्हणजे लोक तिथे जातात एवढंच कळतं. तिथे सायकलला परवानगी आहे का, लोक कुठल्या दिशेने जातात, यातलं काहीही त्या रेघेत नसतं.

## ४. रंग वाचताना घाई करू नका

रंगांची एकच जागतिक पद्धत नाही, आणि इथे फार लोक फसतात. आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग संघटनेच्या, म्हणजे इम्बाच्या, पद्धतीत पाच पायऱ्या आहेत: पांढरं वर्तुळ, हिरवं वर्तुळ, निळा चौकोन, काळा हिरा आणि दोन काळे हिरे. ब्रिटनमध्ये हिरवा, निळा, लाल, काळा असे चार रंग चालतात, आणि युरोपातल्या अनेक बाइक पार्कमध्येही लाल हा निळ्या आणि काळ्याच्या मधला. इम्बाच्या यादीत लाल नाहीच. त्यामुळे एका ठिकाणी निळा जमला म्हणून दुसरीकडचा निळा जमेलच असं धरून चालू नका. जर्मन भाषक प्रदेशांतून आलेल्या सिंगलट्रेल (एका वेळी एकच सायकल जाईल अशी अरुंद वाट) श्रेणीत एस ० ते एस ५ असे आकडे आहेत. त्यात एस ० म्हणजे अडथळ्याविना वाट, एस १ ला लहान मुळं आणि दगड, आणि एस २ पासून मोठे दगड, पायऱ्या, घट्ट वळणं सुरू होतात.

आकड्यांत बघायचं तर इम्बाच्या निकषांत हिरव्या ट्रेलवर टाळता न येणारा अडथळा साधारण ५ सेंमी उंचीपर्यंत असतो, निळ्यावर २० सेंमीपर्यंत, काळ्यावर ३८ सेंमीपर्यंत. पहिल्या टप्प्यातल्या यादीत वीतभर पायरीचा प्रश्न आहे तो यासाठी. त्याला 'उतरून हातात धरतो' असं उत्तर आलं असेल, तर निळ्या ट्रेलवर तो माणूस जागोजागी उतरणार हे धरून चाला.

आणखी एक गोष्ट फार जण विसरतात. ही श्रेणी वाटेची तांत्रिक अवघडता सांगते, लागणारे श्रम सांगत नाही. हिरव्या ट्रेलवर २५ किमी आणि खूप चढ असू शकतो. तांत्रिकदृष्ट्या सोपी असलेली ही वाट दमाने कच्च्या माणसाला पार संपवते. म्हणून पहिल्या टप्प्यात नावं दोन लिहायची.

उड्यांच्या जागांचं वर्णन वेगळं वाचा. टेबलटॉप उडीवरून उडी न मारताही, चाकं जमिनीवर ठेवून, पार होता येतं, कारण मधली जागा भरलेली असते. गॅप उडीत मधे खड्डा असतो; तिथे अर्धवट प्रयत्नाला जागा नाही. उंच पायरीसारख्या ड्रॉपचंही तसंच: काही ड्रॉपवरून सायकल सावकाश सोडता येते, काहींवरून नाही. बाजूने सोपी वाट काढलेली आहे का ते बघा. ती नसेल आणि गटात एक जरी नवखा असेल तर तो ट्रेल बाद.

नियम म्हणून धरा: अनोळखी ठिकाणी पहिला ट्रेल गटाच्या सवयीपेक्षा एक पायरी सोपा घ्या. तिथला निळा किती निळा आहे हे त्यावरून कळेल.

## ५. उंचीचा आलेख: सरासरीच्या मागे काय लपलंय

या टप्प्याला सगळ्यांत जास्त वेळ द्या.

'६ किमीत ३०० मीटर चढ' असं लिहिलेलं दिसतं. सरासरी ५ टक्के, ठीक वाटतं. पण आलेख उघडल्यावर कळतं की पहिल्या ४ किमीत फक्त ४० मीटर आहेत आणि उरलेले २६० मीटर शेवटच्या २ किमीत. म्हणजे १३ टक्के, तेही सुट्या खड्यांवर. हौशी गटातले बहुतेक जण तिथे सायकल ढकलतात. ३०० मीटर पेडल मारत चढणं आणि त्यातले २६० सायकल ढकलत चढणं, यांना लागणारा वेळ आणि ताकद यात मोठा फरक आहे.

हिशेब सोपा आहे: चढलेली उंची भागिले आडवं अंतर, गुणिले १००. पूर्ण ट्रेलचा काढू नका. आलेखाचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्याचा वेगळा काढा.

आलेख बघताना डोळा फसतो तो असा. पडद्यावर उभी मापपट्टी ताणलेली असते, त्यामुळे छोटी टेकडीही सुळक्यासारखी दिसते. दोन ट्रेलच्या आलेखांची चित्रं शेजारी ठेवून तुलना करू नका, आकडे वाचा. शिवाय एकाच ट्रेलचा एकूण चढ दोन ॲपमध्ये वेगवेगळा येतो, कारण बारीक चढउतार किती मोजायचे आणि किती गुळगुळीत करायचे हे प्रत्येक ॲप आपापल्या पद्धतीने ठरवतं. तिन्ही उमेदवारांचे आकडे एकाच ॲपमधून घ्या.

नकाशावरच्या समोच्च रेषाही (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) बघा. रेषा एकमेकींना चिकटल्या असतील तिथे कडा आहे. पण दोन रेषांमधला उंचीचा फरक २० मीटरचा असेल तर त्यांच्या मधली १० मीटरची खोल घळ नकाशावर दिसेलच असं नाही. ओढा ओलांडायची जागा दिसली की तिथे वाट खाली जाऊन परत वर येणार हे गृहीत धरा.

दिशा तपासा. तोच फेरा एका बाजूने गेलात तर लांब, सौम्य चढ आणि मग मजेदार उतार मिळतो. उलट बाजूने गेलात तर दगडी पायऱ्यांवरून सायकल खांद्यावर घेऊन चढावं लागतं. काही ट्रेल फक्त एका दिशेनेच खुले असतात. तिथे उलटं जाणं म्हणजे वळणावर समोरून वेगाने येणाऱ्याच्या अंगावर जाणं.

शेवटी वाटेतली सगळ्यांत अवघड २०० मीटर शोधा. ती कुठे आहेत? पहिल्या तासात असतील तर चालतील, पाय ताजे असतात. शेवटच्या तासात असतील तर पहिल्या टप्प्यात लिहिलेल्या 'तंत्रात कच्च्या' मित्राला त्या जागी, दमलेल्या अवस्थेत डोळ्यांसमोर आणा. मन कचरलं तर तो ट्रेल बाद करा.

## ६. वेळेचा हिशेब कागदावर करा

ॲप जी वेळ दाखवतं ती बहुधा न थांबता चालवणाऱ्या एकट्या माणसाची असते. गटासाठी मी वापरतो तो अंदाज असा: दर १२ किमीला एक तास, आणि दर १०० मीटर चढाला वरून १० मिनिटं. ट्रेल खडकाळ असेल किंवा गट नवखा असेल तर १२ च्या जागी ८ धरा.

उदाहरण घेऊ. २४ किमी, ७०० मीटर चढ, बरा सराव असलेला पाच जणांचा गट.

- अंतराचे २ तास
- चढाची ७० मिनिटं. झाले ३ तास १० मिनिटं
- फाट्यांवर थांबणं, पाणी पिणं, एकमेकांची वाट बघणं: दर तासाला १५ मिनिटं, म्हणजे जवळपास ५० मिनिटं, झाले ४ तास
- खाण्यासाठी अर्धा तास, झाले साडेचार
- एक पंक्चर किंवा एक चुकलेलं वळण यासाठी राखीव ४५ मिनिटं

एकूण सव्वापाच तास. दुसऱ्या टप्प्यातल्या दोन वेळांमध्ये हे बसत नसेल तर ट्रेल छोटा करा. राखीव ४५ मिनिटं कापून बसवू नका. सगळ्यांत आधी तिथेच कात्री लागते, आणि नेमकी तीच मिनिटं नंतर कमी पडतात.

आता 'फिरण्याची वेळ' ठरवा. समजा ९ वाजता निघताय आणि मुख्य चढ १२ पर्यंत संपायला हवा. तर ठरवून टाका: १२ वाजता माथ्यावर नसलो तर जवळच्या वाटेने उतरायचं. हे घरी ठरवा आणि सगळ्यांना सांगा. माथा समोर दिसत असताना ही चर्चा सुरू केली तर निर्णय कधीच मागे फिरण्याचा होत नाही.

## ७. वाट खुली आहे का, आणि कोरडी आहे का

परवानगीचं आधी बघा: जंगलखात्याची हद्द, खाजगी जमीन, ठराविक महिन्यांतली बंदी, फाटक बंद होण्याची वेळ. गटात कुणाकडे बॅटरीवर चालणारी सायकल असेल तर ती त्या ट्रेलवर चालते का हे वेगळं विचारा. अनेक ठिकाणी साध्या सायकलला मुभा असते, तिला नसते.

मग माती. पाऊस थांबून एक दिवस झाला म्हणजे वाट वाळली असं नाही. वाळूमिश्रित माती पाणी लवकर सोडते, चिकणमाती कित्येक दिवस धरून ठेवते. मोकळ्या उन्हातली बाजू कोरडी आणि सावलीतली निसरडी, असंही एकाच ट्रेलवर होतं. नुकत्याच जाऊन आलेल्या कुणाकडून माहिती घ्या. मागच्या वर्षीच्या फोटोंवर विसंबू नका.

पोचल्यावरची कसोटी: पहिल्या काही मीटरांत चाकाची खोल चाकोरी उमटत असेल किंवा माती टायरला चिकटून फ्रेममध्ये अडकत असेल तर परत फिरा. ती चाकोरी वाळून दगडासारखी होते, पुढच्या पावसात तिच्यातून पाणी वाहतं आणि वाट खचते. अशा वाटा बहुतेक वेळा स्वयंसेवकांनी हाताने खोदलेल्या असतात. अधूनमधून एखादं डबकं असेल तर त्याच्या मधून सावकाश जा. कडेने वळसा घालत गेल्याने वाट दर आठवड्याला रुंद होत जाते.

कोरड्यातही घसरतं. घट्ट मातीवर बारीक सुटे खडे पसरलेले असले की वळणावर चाक निसटतं. अशा दिवसांत श्रेणी एक पायरी वर समजा. ओल्या मुळांचंही तेच, विशेषतः वाटेला तिरकी असलेल्या.

हवामानात पावसाइतकंच विजेकडे लक्ष द्या. वीज चमकल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला तर उघड्या माथ्यावरून खाली उतरा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा वर जाऊ नका. आणि थंडीचा अंदाज पायथ्यावरून बांधू नका: दर १००० मीटरला तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं, त्यात घामाने भिजलेल्या अंगावर उताराचा वारा.

## ८. बाहेर पडायच्या वाटा नकाशावर आखा

निवडलेल्या ट्रेलवर अशा किमान दोन जागा हव्यात जिथून साध्या रस्त्याने, सायकल चालवत किंवा ढकलत, पायथ्याला पोचता येईल. त्या नकाशावर खुणा करून ठेवा. एकही सापडली नाही तर तो ट्रेल तुमच्या गटासाठी एका दिवसाचा नाही.

नकाशा आणि जीपीएक्स फाइल (जिच्यात वाटेची आखणी असते) किमान दोन फोनमध्ये उतरवून घ्या, आणि घरीच फोन विमान मोडवर टाकून ती उघडते का बघा. जीपीएस या मोडमध्येही चालतं आणि बॅटरी बरीच वाचते. घरच्या एका माणसाला ट्रेलचं नाव, निघण्याची वेळ आणि 'या वेळेपर्यंत फोन आला नाही तर इथे कळव' असं लिहून पाठवा. 'संध्याकाळपर्यंत येतो' यावरून कुणाला शोध घेता येत नाही.

## ९. आदल्या रात्री

सायकली रात्रीच तपासा, सकाळी पायथ्याला नाही. ब्रेकचे पॅड, चाकांचे ॲक्सल, हेडसेटचा (हँडल जिथे फ्रेममध्ये फिरतं तो सांधा) खुळखुळाट, टायरच्या कडेवरच्या चिरा. गटात मिळून एवढं हवं: प्रत्येकाच्या चाकाच्या मापाची ट्यूब, पंप, मल्टिटूल, साखळीची जोडकडी (१०, ११ आणि १२ गिअरच्या साखळ्यांची वेगवेगळी असते), ट्यूबलेस टायरचं भोक बुजवायला प्लग, प्रथमोपचाराची पेटी, शिट्टी, एक हेडलॅम्प. डिरेलरचा हँगर (मागचे गिअर बदलणारी यंत्रणा फ्रेमला जोडणारा तुकडा) ज्याचा त्यानेच आणायचा, तो एका सायकलचा दुसरीला सहसा बसत नाही. पाणी ताशी अर्धा ते पाऊण लीटर धरा.

सायकल भाड्याची किंवा मित्राची असेल तर कुठल्या हाताला पुढचा ब्रेक आहे ते आधी बघा. काही देशांत तो उजवीकडे असतो, काहींत डावीकडे. घाबरून दाबलेला ब्रेक चुकीच्या हाताचा निघाला तर माणूस थेट हँडलवरून पुढे जातो.

## १०. ट्रेलवर: पहिली २० मिनिटं ही परीक्षा

पहिली २० मिनिटं सोप्या वाटेवर काढा आणि मागून सगळ्यांना बघा. कोण सीटवर बसूनच उतरतंय? कोणाची बोटं ब्रेकवर पांढरी झालीत? फोनवर मिळालेलं उत्तर आणि डोळ्यांना दिसणारं यात फरक असेल तर डोळ्यांवर विश्वास ठेवा आणि तीनपैकी सोपा उमेदवार बाहेर काढा. त्याचा जीपीएक्स फोनमध्ये असतोच, म्हणून तर तीन निवडले.

पुढे वाट माहीत असलेला एक, शेवटी पंक्चर काढता येणारा एक. हे दोघं दिवसभर बदलत नाहीत. प्रत्येक फाट्यावर थांबायचं, मागचा दिसेपर्यंत हलायचं नाही, आणि तो आल्यावर त्याला दोन घोट पाणी प्यायला वेळ द्यायचा. थांबायचं ते वाटेच्या बाहेर. उडीच्या किंवा आंधळ्या वळणाच्या पलीकडे कधीच नाही.

चालणारे आणि घोडेस्वार यांना आधी जाऊ द्या, आणि चढणाऱ्या सायकलस्वाराला उतरणाऱ्याने वाट द्यावी. घोडा दिसला तर थांबा, उताराच्या बाजूला उभे राहा आणि बोलत राहा, म्हणजे तुम्ही माणूस आहात हे त्याला कळतं.

## ११. बेत कधी बदलायचा

यातलं एक जरी झालं तरी छोटी वाट घ्या:

- ठरलेली 'फिरण्याची वेळ' उलटली
- एकच माणूस दोनदा पडला, मग लागलेलं नसलं तरी
- कुणीतरी बोलायचं बंद झालं किंवा खायला नको म्हणतंय
- ज्या उताराला बाकीचे चालवत जातात तिथे एक जण निम्म्याहून जास्त चालतोय

'कोण दमलंय?' असं विचारू नका, कुणी हात वर करत नाही. 'आपण छोट्या वाटेने जातोय' असं सांगून मोकळे व्हा. आणि शेवटी 'आणखी एक फेरा' निघाला की त्याचा निर्णय सगळ्यांत दमलेल्या माणसाच्या हातात द्या, किंवा तो बसलेला असताना इतरांनी जा.

कुणी जोरात पडलं तर आधी एकाने वर जाऊन वाटेत सायकल आडवी ठेवायची, म्हणजे मागून येणारा अंगावर येणार नाही. डोक्याला मार लागला असेल तर त्या दिवशी तो पुन्हा सायकलवर बसत नाही, कितीही 'ठीक आहे' म्हणाला तरी, आणि ते हेल्मेट पुन्हा वापरायचं नाही. त्याला डॉक्टरांकडे न्या. फोन लागत नसेल तर आल्प्सकडचा जुना संकेत वापरा: मिनिटात सहा शिट्ट्या, एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. उत्तर मिनिटात तीन शिट्ट्यांचं येतं.

पायथ्याला परतल्यावर सायकली बांधण्याआधी कागदावरच्या प्रत्येक आकड्याशेजारी खरा आकडा लिहा: चढाला किती लागला, थांबण्यात किती गेला, कोण कुठे उतरलं. पुढच्या वेळी त्या गटासाठी १२ किमी आणि १० मिनिटं या माझ्या अंदाजाच्या जागी तुमचे स्वतःचे आकडे वापरा.